बारा ते चारचा रकाना

पुणे, ९ जानेवारी २०२४

आदरणीय मामा,

सप्रेम जयभीम. फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने जुळवता, म्हणून पत्र. सोबत चौदा कोरे तक्ते आहेत. ते बघून दचकू नका, आधी माझं गाऱ्हाणं ऐका.

मिरकरवाडा बंदराकडून गावात चढणाऱ्या रस्त्यावर सुर्वे न्यासाची मोकळी जागा आहे ना, कोपऱ्यात दाट सावलीची चार उंडीची झाडं असलेली? तिथे सगळ्या गावासाठी बाग करायचं न्यासाने ठरवलं आणि आराखड्याचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. साहेबांनी ते मला दिलं, "तू रत्नागिरीची" म्हणून. माझं पहिलं स्वतंत्र काम. पहिल्या सभेपर्यंत मी खुशीत होते. सभेत न्यासाचे सचिव निलेश सुर्वे यांनी मोबाइल पुढे केला, त्यात परदेशातल्या कुठल्याशा बागेचा फोटो. "मॅडम, हे असं पाहिजे. मध्ये कारंजं, कारंज्यात डॉल्फिन आणि गेटवर बदामाच्या आकाराचा सेल्फी पॉइंट."

मी विचारलं, या जागेवर आत्ता कोण येतं, कधी येतं, येऊन काय करतं? ते म्हणाले, "आम्ही इथलेच. आम्हाला माहीत आहे." टेबलाभोवती दहा पुरुष बसले होते आणि दहाही जणांना माहीत होतं.

मामा, बागा कशा वापरल्या जातात यावर ठिकठिकाणी अभ्यास झालेत. बायका एखाद्या बागेत का जातात आणि दुसरीच्या दारावरून का परत फिरतात, म्हातारी माणसं कुठे बसतात, पोरं कुठे रमतात, हे लोकांनी वर्षानुवर्षं बघून लिहून ठेवलंय. बसायला सावली, जवळ स्वच्छतागृह, आतलं बाहेरून दिसणं, अशा साध्या गोष्टी असतात. पण मी ते अभ्यास काढले की कमिटी म्हणते, "ते तिकडचं झालं." म्हणून मला इकडचं हवंय. मी दोनदा येऊन गेले, पण दोन्ही वेळा सकाळची, सभेपुरती.

सकाळी सहा ते संध्याकाळी सात, दर तासाला एक फेरी मारायची. बाई, पुरुष, मूल, म्हातारं माणूस, बसलेलं की चालतंय की खेळतंय, इतकंच लिहायचं. असे चौदा दिवस. ऊन आहे म्हणून दुपार गाळू नका. कुणी नसेल तर शून्य लिहा, रकाना कोरा ठेवू नका, आमच्या कॉम्प्युटरला कोरा रकाना चालत नाही.

तुम्हालाच का सांगते? बांधकाम खात्यात एकतीस वर्षं नकाशे उतरवणारे ट्रेसर होतात आणि एक रेघ अंदाजे मारली नाहीत. माझ्या दहावीच्या भूमितीच्या वहीतल्या आकृत्या तुम्ही फूटपट्टीने तपासायचात, आठवतं? या कामाला मला तसलाच माणूस पाहिजे.

मामींना जयभीम.

तुमची दीक्षा


रत्नागिरी, २७ फेब्रुवारी २०२४

चि. दीक्षा,

जयभीम. चौदाही तक्ते भरून रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. शाईने भरलेत, खाडाखोड कुठे दिसणार नाही.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी मला कामाला लावलं. मामी म्हणते, भाचीने बरी शिक्षा दिली. पहाटे साडेपाचला डोक्याला मफलर, हातात पॅड, गळ्यात चष्मा, अशी माझी स्वारी निघायची. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ जवळ आले नि विचारू लागले, "काय ओ, जागा मोजताव की काय? इमारत उठते काय इथं?" मी म्हटलं माणसं मोजतोय. तर ते चार पावलं मागे सरकले.

तुला थोडक्यात चित्र सांगतो. सकाळी सहा ते आठ पेन्शनरांचा राबता. गोल गोल फिरतात आणि प्रत्येक फेरीत तीच बातमी नव्याने सांगतात. नऊनंतर शुकशुकाट. चारनंतर पोरं क्रिकेटला. साडेपाचला पोरांना शोधत आया येतात, पण त्या उभ्याउभ्याच बोलून पोरांना घेऊन जातात. सहानंतर एक जोडपं येतं, रोज तेच. त्यांना मी दोन माणसं म्हणून मोजलंय, बाकी काही लिहिलेलं नाही.

दुपारी काय असणार? एक ते चार रत्नागिरी झोपते हे तुला मी सांगायला नको. किराणावालासुद्धा शटर अर्धं ओढून आत आडवा होतो. तेव्हा त्या रकान्यात शून्यंच शून्यं दिसतील, बिचकू नकोस.

तब्येतीला जप. पुण्यात मासे खाऊ नकोस, शिळे असतात.

तुझा भिवामामा


पुणे, २० एप्रिल २०२४

आदरणीय मामा,

तुमचे तक्ते ऑफिसभर फिरले. साहेब म्हणाले, इतकी स्वच्छ मोजणी आमच्याकडे पगारी माणसंही करत नाहीत. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, माझे मामा आहेत.

ऐट तेवढ्यापुरतीच टिकली. परवा रत्नागिरीत सभा झाली. येऊन तुमच्याकडे न येता गेले, रागावू नका. सभा संपल्यावर कुणाशी बोलायची ताकदच उरली नव्हती. मी बत्तीस पानी अहवाल नेला होता. तो निलेशरावांनी चहाच्या कपाखाली ठेवला. मी सांगतेय, पोरांना खेळायला सपाट जागा हवी, पेन्शनरांना पाय न अडखळणारी वाट हवी, आया का बसत नाहीत हे बघायला हवं. ते कारंज्याच्या नळाचा व्यास विचारतायत. त्यांच्यातले एक मला म्हणाले, "बाळ, आकड्यांनी बाग होत नाही, बागेला सौंदर्यदृष्टी लागते." मी बाळ नाही, मी एकोणतीस वर्षांची आहे, हे मी मनात म्हटलं आणि तोंडाने "बरोबर सर" म्हटलं. त्याचाच राग जास्त येतोय.

मामा, एक विचारायचं होतं. दुपारी खरंच कुणीच नसतं? मला वाटलं होतं बंदरावरच्या बायका तरी टेकत असतील, रस्ता तिकडूनच येतो. पण चौदा दिवस सलग शून्य म्हणजे शून्यच. मला वाटतं म्हणून मी आराखड्यात काही दाखवणार नाही. मला वाटतं आणि निलेशरावांना वाटतं यात मग फरक काय राहिला?

पाचव्यांदा आराखडा बदलतेय.

दीक्षा


रत्नागिरी, ३ मे २०२४

चि. दीक्षा,

पत्र पोचलं. इतकी चिडू नकोस, पित्त होतं. ऑफिसात मीही असले साहेब पाहिलेत. नकाशा उलटा धरून "छान" म्हणायचे.

एक म्हणायचं होतं. त्या उंडीच्या झाडांना हात लावू नका. आणि एक संडास असू दे, बायकांसाठी. तक्त्यात दिसत नसलं तरी असू दे. मामीचंही तेच म्हणणं आहे.

तू दुपारचं विचारलंस. उन्हाचं माणूस बाहेर पडत नाही. तरी आकड्यांचं इतकं मनावर घेऊ नये. आकडे म्हणजे काही सगळं नव्हे.

इकडे उकाडा भयंकर आहे. आंबा यंदा कमी आहे. पेटी पाठवतो.

भिवामामा


पुणे, १४ मे २०२४

आदरणीय मामा,

आंबे मिळाले. गोड आहेत, पण तुमचं पत्र मला गोड लागलं नाही.

"आकडे म्हणजे सगळं नव्हे" हे वाक्य मी या वर्षात निदान वीस वेळा ऐकलंय, आणि ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांच्यावर मी अजून चिडलेली आहे. तुमच्याकडून तरी नको होतं. झाडं मलाही आवडतात, स्वच्छतागृह तर मी पहिल्या आराखड्यापासून दाखवतेय. पण कमिटी विचारते, "कुणासाठी?" त्यावर "माझ्या मामींना वाटतं" असं मी सांगू?

तुम्ही मायेने लिहिलंत हे कळतं. मायेने माझं काम होत नाही.

दीक्षा


पुणे, ११ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,

चार महिने पत्र नाही, माझीच चूक. आज मात्र लिहायलाच हवं. कमिटीने आकडे मानले.

कसं झालं ते ऐका. न्यासाचे मुंबईतले एक वयस्क विश्वस्त यंदा सभेला आले. त्यांनी माझा अहवाल वाचून आणला होता, समासात पेन्सिलीने खुणा करून.  ते म्हणाले, "मुलीने लोक मोजून आणलेत. आता आपण बोलायचं ते यावर बोलायचं." झालं, डॉल्फिन गेला, बदाम गेला. पोरांना मैदान मिळालं, पेन्शनरांना वाट मिळाली, म्हाताऱ्यांना पायऱ्यांऐवजी उतार मिळाला. वर्षभर ज्यासाठी डोकं आपटलं ते दीड तासात झालं.

फक्त एक. गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. मी रस्त्याच्या वरच्या बाजूला दाखवली होती. निलेशराव मोठे हुशार, त्यांनी माझाच तक्ता काढला. म्हणाले, "उंडीचा कोपरा दुपारभर रिकामा. मॅडमचंच शून्य आहे. सकाळ-संध्याकाळ तर सावलीची गरजच नाही. मग गाड्या तिथे लावू." स्वच्छतागृहाचंही तसंच, सकाळी फिरणारे जवळपास राहणारे, पोरं घरी पळतात, आणि दुपारी कुणी नाहीच, म्हणून तेही वगळलं. मी भांडले, पण कशाच्या जोरावर भांडणार? आकडे माना म्हणून मीच हट्ट धरला होता, आणि त्यांनी ते मानले होते.

मी सही केली. बाकी सगळं मिळालंय, असं स्वतःला सांगतेय. तुम्ही झाडांचं लिहिलं होतंत, म्हणून आधी तुम्हाला कळवलं.

दीक्षा


रत्नागिरी, २ डिसेंबर २०२४

चि. दीक्षा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. मामी म्हणाली, आता फाडलंत तर मी लिहीन. म्हणून लिहितो.

काल झाडं तोडली. चारही. मी तिथे गेलो होतो. साडेबाराला गावातून बायका उतरून आल्या. डोक्यावर रिकाम्या पाट्या, हातात डबे. सकाळी घरोघर मासळी विकायची आणि चारच्या लिलावाला पुन्हा बंदरावर जायचं, मधला वेळ त्या उंडीखाली काढायच्या. कालही त्या आल्या आणि रस्त्यातच थांबल्या. आपल्याकडे मासळी घेऊन येते ती गंगुबाई पुढे होती. तिने मला ओळखलं.

म्हणाली, "भाऊ, तुमी तं कागद घेऊन फिरत व्हताव. आमी म्हटलं, आता बरा व्हईल, एक मोरी तरी बांधतील. ह्या झाडा तोडलानी. आता आमी बायकांनी बसायचा कुटं?"

मला ऐकू आलं नाही असं दाखवलं. कान अधू असल्याचा मला असाही उपयोग होतो, दीक्षा.

तुला शून्यं कुठून आली ते सांगतो. पहिल्या दिवशी बाराला पोटात कावळे ओरडायला लागले. घरी गेलो. मामीने बांगड्याचं तिखलं नि भात वाढला. पंधरा मिनिटं म्हणून आडवा झालो तो चार वाजता उठलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून मी स्वतःची समजूत घातली की गाव झोपलेलं आहे, मी झोपलो म्हणून काय बिघडलं. चौदा दिवस बारा ते चारच्या फेऱ्या मी घरी, पाटावर बसून भरल्या. माझ्या जन्मात दुपारी कधी त्या रस्त्याला गेलो नव्हतो. आपण झोपतो त्या वेळी कुणी जागं असेल हे डोक्यातच आलं नाही.

तुझं ते एप्रिलचं चिडकं पत्र आलं तेव्हा मला ठाऊक झालेलं होतं. मामीनेच विचारलं होतं, "तिथं गंगुबाई नि त्या बसतात, त्या धरल्यात ना?" तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. पण तू लिहिलं होतंस की ऑफिसभर तक्ते फिरले. एकतीस वर्षांत एक रेघ अंदाजे मारली नाही, असं तू लिहिलं होतंस. मला ते खोटं करवेना. म्हणून मी आडून आडून झाडांचं बोललो. आकडे म्हणजे सगळं नव्हे, असंही लिहून बसलो. तुला त्याचा राग आला तो बरोबर होता.

मला माझी लाज वाटते.

भिवामामा


पुणे, ९ डिसेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि बाथरूममध्ये जाऊन वाचून संपवलं.

मला तुमच्यावर ओरडायचंय आणि फोनवर तुम्हाला ऐकू येणार नाही. म्हणून लिहितेय. तुम्ही झोपलात याचा मला राग नाही. तीन मेला तुमच्या हातात पेन होतं. तेव्हा झाडं उभी होती. तेव्हा आराखडा कच्चा होता, माझी सही झालेली नव्हती. एक ओळ पुरली असती, "दुपारी मी नव्हतो." तुम्ही त्याऐवजी आंबे पाठवलेत.

कमिटीने मला वर्षभर हसण्यावारी नेलं, ते मी सहन केलं, कारण माझी बाजू पक्की आहे असं मला वाटत होतं. शेवटी त्यांनी मानलं ते नेमकं हे. आणि गंगुबाई गावात जन्मभर मासळी विकतायत, आपल्या दारात येतात. त्यांना एक संडास मिळू नये म्हणून मी सही केली.

माझीही चूक आहे आणि ती मला तुमच्या पत्राआधी दिसायला हवी होती. कुणी नसेल तर शून्य लिहा, असं मी सांगितलं. मोजलंच नाही तर काय लिहायचं, याला मी तक्त्यात जागाच ठेवली नाही. मला वाटलं, तुम्ही आहात म्हणजे ती लागणार नाही.

वीस तारखेला सभा आहे. मी येऊन सांगणार आहे की दुपारची मोजणी झाली नव्हती. तुमचं नाव घेणार नाही.

दीक्षा


रत्नागिरी, १८ जानेवारी २०२५

चि. दीक्षा,

जयभीम. सभेला मी आलेलो तुला आवडलं नाही, ते तुझ्या तोंडावर दिसत होतं. पण तू उभी राहून "मोजणीत त्रुटी राहिली" म्हणालीस आणि निलेशरावांनी "म्हणजे तुमची चूक ना?" विचारलं, तेव्हा मला बसवेना. मी सांगितलं ते एवढंच, की मोजणारा मी, झोपलो होतो. दहाजण हसले. निवृत्त माणसाला कुणी हसलं तर फारसं लागत नाही, तुला वाटतं तितकं तर नाहीच.

लागलं ते पुढचं. निलेशराव म्हणाले, "बघा, हे असले आकडे. म्हणजे बाकीचेही असेच असणार." मी सांगत होतो की सकाळ-संध्याकाळची प्रत्येक फेरी मी स्वतः मारलेली आहे, देवळात नाहीतर विहारात, म्हणाल तिथे शपथ घेतो. कोण ऐकतंय. मुंबईच्या त्या विश्वस्तांनी तुझा अहवाल मिटून पिशवीत ठेवला. तू गेल्यावर काय ठरलं ते चहावाल्याकडून कळलं. मैदानाच्या जागी कारंजं परत आलंय. डॉल्फिनही. उंडीच्या कोपऱ्यात गाड्या लागायच्या त्या लागतीलच. पोरांचं मैदान मी घालवलं, दीक्षा. सावली घालवली ती घालवली, वर पोरांचंही.

त्या दिवशी तू घरी जेवलीस पण माझ्याशी बोलली नाहीस. मामीने ताट वाढताना डोळे पुसले ते तू पाहिलं नसशील.

सभेच्या दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा मोजायला बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. रोज बारा ते चार, छत्री घेऊन, तोडलेल्या बुंध्यावर. चौदा दिवस. तक्ते सोबत आहेत, रकान्यासमोर मी येण्याची आणि उठण्याची वेळही घातली आहे. बायका: शून्य. रोज शून्य. त्या आता खाली बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी बसतात. एकला भिंतीची सावली सरते, मग उभ्या ट्रकच्या आडोशाला जातात, ट्रक हलला की उठतात. मी एक दिवस तिथेही गेलो. गंगुबाईने विचारलं, "आता काय मोजताव?" सतरा जणी होत्या. पण तो एकच दिवस आणि जागा वेगळी.

या तक्त्यांचा काही उपयोग होईल का?

भिवामामा


पुणे, ४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,

तक्ते पोचले. दीड महिना तुमच्याशी बोलले नाही. अजून बोलावंसं वाटत नाही, पण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायला हवं.

मी न्यासाला नवा अर्ज केलाय. गाड्यांच्या कोपऱ्यात निदान पत्र्याची शेड, बाकं आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. साहेब म्हणाले, पुन्हा त्या भानगडीत पडू नकोस. तरी केला. सोबत तुमचे दोन्ही वेळचे तक्ते जोडले. पहिल्यातली दुपारची शून्यं मी खोडली आणि तिथे "मोजले नाही" असं लिहिलं. दुसऱ्यातली शून्यं ठेवली, ती खरी आहेत.

काल निलेशरावांचा फोन आला. या वेळी ते हसले नाहीत, नीट बोलले, त्यामुळे जास्त अवघड झालं. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना, आकड्यांवर बोला. आज तिथे शून्य बायका बसतात, हे तुमचंच कागदपत्र सांगतं. झाडं होती तेव्हा किती बसायच्या, तेवढं सांगा. मी स्वतः विषय मांडतो."

मी म्हटलं, चौकशी करून कळवते. मग दिवसभर फोन केले. गंगुबाई म्हणतात वीस-पंचवीस. मामी म्हणतात पंधरा असतील. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणतो, चार-पाच, त्याही कधीतरी. तुम्ही खाली मोजलेल्या त्या सतरा जणींपैकी वर झाडांखाली किती जणी बसायच्या, कुणालाच सांगता येत नाही. जो तो त्याला वाटतं ते सांगतो. संध्याकाळी मी निलेशरावांना परत फोन लावला.

त्यांनी विचारलं, "मग, किती?"

मामा, ती झाडं तिथे पन्नास वर्षं होती, आणि मला सांगता आलं नाही.

दीक्षा